अक्षरामागे तीन सेडी

संस्थेची नोंदणी होऊन चाळीस दिवस उलटले
आणि आम्ही काय करतो
हे आम्हाला अजून एका दमात सांगता येत नव्हतं.

तामाले गावाबाहेर, साव्हेलुगूच्या रस्त्याला,
कडुलिंबाखाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल.
हरमाटानची धूळ कागदावर, पापण्यांवर, चहाच्या सायीवर.
वुंपिनी राजधानीत शिकून आलेला. त्याने उभं राहून वाचलं:
‘ग्रामीण मातृआरोग्याच्या शाश्वत सक्षमीकरणासाठी
समुदायाधारित, सर्वसमावेशक वाहतूक-हस्तक्षेप.’
मेमुनातू, चौतीस वर्षं सुईणपण केलेली,
शेंगा सोलता सोलता म्हणाली,
‘एवढं ऐकून होईस्तोवर बाळ बाहेर येईल.
किंवा येणार नाही.’

मग बराच वेळ नुसता टरफलांचा आवाज.

आमच्याकडे होती एक तीनचाकी,
मागे हौदा, हौद्यात गादी, गादीवर ताडपत्री,
आणि फुसेनी, ज्याला अंधारातला खड्डा न् खड्डा नावानिशी ठाऊक.
एवढंच.
पण एवढंच लिहिलं तर देणगीदार म्हणतील, एवढंच?
ही भीती सगळ्यांत जास्त मला. हिशेबाची वही माझ्याकडे.

पाटी रंगवणारा नापारी आला.
त्याने ना शाश्वत वाचलं, ना सक्षमीकरण,
ब्रशच्या उलट्या टोकाने मोजत गेला फक्त.
‘एकशे चार अक्षरं. अक्षरामागे तीन सेडी.’
वुंपिनीने तिथल्या तिथे पैसे मोजले, ऐटीत.
तीनशे बारा!
फुसेनीच्या दहा रात्रींचं पेट्रोल.
मी काही बोलले नाही. रात्रभर झोपलेही नाही.

दुसऱ्या दिवशी खोडायला बसलो.
शाश्वत गेलं, कुणाला कळलं नाही.
सर्वसमावेशक गेलं, टेबल डुगडुगायचं थांबलं
(खरं तर अवाबूने पायाखाली तोच कागद घातला).
मग मात्र अडलं.
‘आम्ही’ लिहायचं आणि पुढे काही सुचायचं नाही,
आम्ही पुरवतो, आम्ही झटतो, आम्ही कटिबद्ध,
प्रत्येक शब्द आपल्याच छातीवर थाप मारणारा.

मेमुनातूने हात झटकले.
‘बाई अडली की नुसता जोर लावून भागत नाही.
आधी तिला कूस बदलायला लावते मी.
याला पण लाव.’

कूस बदलली. आम्ही निघून गेलो वाक्यातून,
तिथे ती आली, चटईवर, कंदिलाशी, दात आवळून.
तिला काय ऐकायचं असेल?
संध्याकाळपर्यंत वाक्य मोकळं झालं, दागबानीत, छोटंसं:
रात्री कळा आल्या? बोलवा. येतो.
खाली नंबर.

वाचता न येणाऱ्यांसाठी नापारीने चंद्र काढला, तीनचाकी काढली.
पहिले तीन रात्री फोन आले ते असे:
एकाला सुरण बाजारात न्यायचे होते,
एकाच्या सात बकऱ्या,
आणि एकजण विचारत होता, रात्रीचं भाडं कमी पडतं का.
नापारी शिडी घेऊन परत आला,
हौद्यात पोटुशी बाई रंगवून गेला.
पोट असं टरारलेलं, लांबून भोपळाच वाटावा.
चित्राचे पैसे घेतले नाहीत. त्याचा हिशेब अक्षरांचा.

पाचव्या रात्री, दोन चाळीसला,
एका पुरुषाचा आवाज, धापा टाकत:
‘रात्री येता ते तुम्हीच ना?’
संस्थेचं नाव त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. फुसेनी केव्हाच किक मारून निघाला होता.

लांब वाक्य अजून फायलीत आहे, अर्जांना लागतं.
त्याला बाहेर काढलं की वुंपिनी हल्ली इकडेतिकडे बघतो.

आणि नापारी पैसे परत करत नाही.
त्र्याहत्तर अक्षरं त्याच्याकडे आमच्या नावे जमा आहेत.
बाजारात भेटला की विचारतो,
‘आणखी काही म्हणायचंय?’
मी विचार करते. प्रामाणिकपणे करते.
‘अजून नाही,’ म्हणते.